कपाशीच्या सापळ्यात मक्याचे जावई

"काम कसला गो तुझा?" सासूबाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी आधी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

पतंगाच्या मादीच्या अंगाला जो वास येतो, ज्याच्या मागे नर शेतं ओलांडून येतात, तो वास बाटलीतून काढून रबराच्या बुचात थेंबाथेंबानं भरायचा, हे माझं काम. सरकारी पत्रकात त्याला कामगंध म्हणतात. तो शब्द सासूबाईंपुढे उच्चारण्यापेक्षा मी बेकार बसले असते.

"वासाचा," मी म्हटलं.

"अगरबत्तेचो कारखानो?"

"तसोच काय तरी."

तेवढ्यावर आमच्या दोडामार्गाकडच्या गावात ठरून गेलं की ही खानदेशात अगरबत्त्या वळते. गणपतीला गेले तेव्हा आम्ही राहतो त्या खापरच्या बाजारातून पिशवीभर पुडे विकत घेऊन जावं लागलं. सगळ्यांनी ते पेटवून, डोळे मिटून वास घेतला आणि माझ्या हाताचं कौतुक केलं. मी मान खाली घालून कौतुक घेतलं. काय करणार?

मी आठवीतून शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळली होती, भावंडं लहान होती, त्यामुळे कुणी सोड म्हणायच्या आधी मीच सोडली. त्याचं आता वाईट वाटत नाही, पण एक भीती तेव्हापासून अंगाला चिकटून आहे. कुणी "जरा इकडे या" म्हणालं की वाटतं, झालं, काढलं आपल्याला. लग्नानंतर नवऱ्याला रस्त्याच्या कामावर रोलर मिळाला आणि रस्ता सरकत सरकत गुजरातच्या हद्दीजवळ खापरपाशी आला. ठेकेदाराच्या कॅम्पात बायकांना राहू देत नसत. मी परत जायचं असं ठरलंच होतं, एवढ्यात कुणीतरी धाकट्या शेठचं नाव सांगितलं. त्यांनी मला कामावर घेतलं आणि शेडमागची खोली दिली. आतून कडी लागते अशी खोली. काम आहे तोवर खोली, आणि खोली आहे तोवर आम्ही दोघं एका छपराखाली. एवढंच माझं गणित होतं, आणि ते मी दिवसातून कितीदा तरी मनात करून बघायची.

शेठ लोकांचे पणजोबा राजस्थानातून आलेले. बाजारात त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. धाकटे शेठ रसायनशास्त्र शिकून आले आणि त्यांनी कापसाच्या जुन्या गोदामात ही वासाची शेड घातली. वास तयार होऊन बाहेरून यायचा, अंगठ्याएवढ्या बाटल्यांत. त्या एका जुन्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या असत, ज्याच्या झाकणावर अजून एक गुबगुबीत मूल कुल्फी चाटत होतं. आमचं काम पिपेटनं थेंब घ्यायचा, बुचात सोडायचा, वाळवायचा, पाकिटात भरायचा. शेतकरी ते बूच सापळ्यात टांगतात. मादी बसली आहे असं समजून नर येतो आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतो. आमच्या बायका त्या नरांना जावई म्हणत. सापळा म्हणजे सासुरवाडी. "किती जवाई उनात?" म्हणजे किती जावई आले, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न.

शेडमध्ये तीन टेबलं होती. कपाशीचं, म्हणजे गुलाबी बोंडअळीचं. मक्याचं, म्हणजे लष्करी अळीचं. आणि फळमाशीचं. एका टेबलाचा वास दुसऱ्याला लागला की माल वाया, म्हणून तीन टेबलांना तीन दारं, तीन रंगांचे डगले, तीन साबण. कपाशीवालीनं मक्यावालीची पिशवीसुद्धा उचलायची नाही. गावात कुणी कुणाकडे पाणी प्यायलं याची आता फारशी चर्चा होत नाही, पण आमच्या शेडमध्ये एवढं कडक सोवळं की विचारू नका. "ए मका, लांब ऱ्हाय!" असं रोज ऐकायचं. मी मका होते.

मला सुरुवातीला इथलं बोलणं कळत नसे. शाळेत शिकलेलं मराठी मी बोलायची ते त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटायचं, आणि त्यांची अहिराणी माझ्या कानावरून निघून जायची. मी कोकणातली म्हटल्यावर एक बाई माझ्याशी नवापूरकडच्या डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या कोकणी भाषेत बोलायला लागली, तेव्हा तर मला रडूच आलं. दुपारच्या सुट्टीत मी भिंतीला टेकून एकटी डबा खायची. एक दिवस कपाशीच्या टेबलावरच्या आक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. आक्का म्हणजे शेडमधली सगळ्यात जुनी बाई, हात इतका स्थिर की धाकटे शेठ त्यांच्या पिपेटला हात लावत नसत. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं.

"काय व, डोकं शे का चिमणीनं खोपं? आठे बठ. वेणी घाली देस."

खोपं म्हणजे घरटं, हे मला नंतर कळलं. पण "आठे बठ" कळलं. मी बसले. घरून निघाल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आक्कांनी मागितला असता तर त्या क्षणी जीव दिला असता.

ती आमची रीतच होऊन गेली. डबे झाले की आम्ही आवारात एकीमागे एक बसायचो. आक्का माझी वेणी घालायच्या, आक्कांची दुसरी कुणी, तिची तिसरी. एक फणी, एक तेलाची बाटली, आगगाडीसारखी रांग. आणि हे सगळं डगले काढून, हात तीनदा धुऊन, अगदी नियमानं. नियमात केसांचं नाव नव्हतं.

धाकट्या शेठला शिकवायची फार हौस. एकदा त्यांनी आम्हाला सगळ्यांना आवारात उभं केलं आणि म्हणाले, "आज आपण बोंडअळीचा वास होऊ या." त्या वासात सोळा कार्बनची साखळी असते. आम्ही बायका चौदा. पंधरावा वॉचमन घेतला, सोळावा चहावाला, त्याची किटली खाली ठेवायला लावून. पहिलीच्या हातात बादली दिली, ते म्हणे साखळीचं टोक, ॲसिटेट. बाकीच्यांनी एकेक हात धरायचा. सातवी आणि आठवीनं मात्र दोन्ही हात धरायचे, तसंच अकरावी-बारावीनं. एक हात धरला असला की माणूस वळू शकतो, दोन्ही धरले की वळता येत नाही. मग तिथं साखळी एकतर वाकते, नाहीतर सरळ जाते, आणि जशी गेली तशीच राहते.

"आता सातवीपाशी वाका. छान. अकरावीपाशीसुद्धा वाका. हा झाला एक वास. आता अकरावीपाशी सरळ व्हा. हा झाला दुसरा. दोन्ही निम्मे-निम्मे असले तरच बोंडअळीचा नर येतो."

"आनि कमी-जास्त जयं तं?" आक्कांनी विचारलं. जयं म्हणजे झालं.

"तर त्याला वाटतं, ही आपल्यातली नाही."

मोजताना सोळावा असला तरी रांगेत चहावाला बाराव्या जागी उभा होता. त्याचे दोन्ही हात अकराव्या बाईच्या हातात, त्यामुळे तो लाजून इतका वाकला की वासच बदलला, असं सगळ्या म्हणाल्या. रस्त्यावर एसटी थांबली आणि लोक खिडकीतून बघायला लागले. फळमाशीच्या वासाला तर गोल लागतो, त्यासाठी सहा जणींना फेर धरायला लावला. त्यांनी सरळ गरबाच सुरू केला.

हे वास किड्यांना कुठून आले, तेही त्यांनी सांगितलं. अंगातल्या साध्या चरबीपासूनच ते होतात. लांब माळेतून दोन-दोन मणी काढत जावेत तशी साखळी सोळाची चौदा होते, चौदाची बारा. मणी कुठे काढायचा आणि माळ कुठे वाकवायची हे प्रत्येक जातीचं ठरलेलं. कधीतरी एखाद्या मादीचं चुकतं. तिचा वास वेगळाच येतो, नर ओलांडून निघून जातात. पण हजारांत एखादा विचित्र नरही असतो, त्याला तोच वास आवडतो. अशा दोघांचं जमलं, त्यांच्या पोरांचं जमलं, तर काळाच्या ओघात नवीन जात उभी राहते.

"म्हंजे पळी जाइसन लगीन," आक्का म्हणाल्या, म्हणजे पळून जाऊन लग्न.

धाकटे शेठ म्हणाले, "हो. जवळपास तेच."

त्याच दिवशी त्यांनी सहज सांगून टाकलं की मक्याच्या वासात चिमूटभर बारा कार्बनवाली जी साखळी असते, तीच हुबेहूब हत्तीणसुद्धा हत्तीला बोलवायला सोडते. एवढासा पतंग आणि एवढा हत्ती, नातं काही नाही, पण निरोप एकच. बाकीच्या हसल्या. नंदुरबार जिल्ह्यात हत्ती नाहीत. माझ्या गावी आहेत. तिलारीच्या खोऱ्यातून ते केळी-माडांत उतरतात, आमच्या आवाटातून, म्हणजे वाडीतून, जातात. मी धाकट्या शेठना बाजूला गाठून विचारलं, हा वास अंगाला किती दिवस राहतो? त्यांना वाटलं मला विज्ञानाची गोडी लागली. ते खूश झाले आणि म्हणाले, "तेलकट जागी बराच काळ."

त्या रात्री मला झोप आली नाही.

शेठची आई, आम्ही त्यांना शेठाणी म्हणायचो, वरच्या गॅलरीत बसून शेडवर लक्ष ठेवायच्या. जैन घर, मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारं. त्यांनी एकदा मुलाला विचारलं होतं, "यात जीव मरतो का?"

"आई, आपण मारत नाही. आपण फक्त वास देतो. नर आपण होऊन येतो."

"आणि मग?"

"मग तो… परत जात नाही."

"म्हणजे पाहुणा म्हणून बोलावून मारता," शेठाणी म्हणाल्या, आणि अष्टमी-चतुर्दशीला शेड बंद ठेवायला लावली. आम्हाला सुट्टी मिळायची. धाकट्या शेठनी मग त्यांना दुसरी पद्धत सांगितली. अख्ख्या शेतात वासाच्या दोऱ्या बांधायच्या, म्हणजे नराला सगळीकडेच मादी असल्याचा भास होतो, खरी सापडत नाही, पिल्लावळ होत नाही आणि मरतही कुणी नाही. "म्हणजे ब्रह्मचर्य," शेठाणी म्हणाल्या. "ते आधी कर." पण दोऱ्यांसाठी मोठी ऑर्डर हवी होती, आणि ऑर्डर धानोऱ्याच्या एका बड्या शेतकऱ्याच्या हातात होती. त्यांच्यामागे तापीकाठची बरीच गावं चालत. त्यांनी ऑर्डर दिली तर शेड बारमाही. नाही दिली तर दिवाळीनंतर शटर खाली. धाकट्या शेठनी हे आम्हाला लपवून ठेवलं नाही.

धानोऱ्याला आमच्या कपाशीच्या गोळ्या, म्हणजे वास भरलेली बुचं, सापळ्यांत लागल्या. आठवडाभरानं ते शेतकरी स्वतः जीप घेऊन आले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी पिशवी धाकट्या शेठच्या टेबलावर उलटी केली.

"शेठ, ह्या जवाई आम्हना नहीत."

पिशवीत मोठाले तपकिरी पतंग होते.

"हे तर… मक्याचे आहेत," शेठ म्हणाले.

"तेच सांगी ऱ्हायनू ना! सासुरवाडी कपाशीनी, नि जवाई मकाना! शेजारना वावरमाईन उनात, नि आम्हनी बोंडअळी तठे मजा करी ऱ्हायनी." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "दिवाळीलगून टाइम देस. मंग मी दुसरं देखसू."

म्हणजे दिवाळीपर्यंत मुदत, मग ते दुसरीकडे बघणार. जाताना ते दारात थांबून म्हणाले, "आनि गुलाबी पतंग आठे बी दिसनात नहीत माले." अळी गुलाबी असते, पतंग राखाडी असतो, हे त्यांना सांगायची तेव्हा कुणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर शेडमध्ये तपासणी सुरू झाली. डबे तपासले, बांगड्या तपासल्या, दाराच्या कड्या स्पिरिटनं पुसल्या. तीन माठ आले. पिशव्या चाचपणाऱ्या वॉचमनलाही तीन डगले आले, आणि तो बिचारा दिवसभर कपडेच बदलत बसायचा. काही सापडेना. शेवटी धाकट्या शेठनी ठरवलं की माणसाच्या नाकाला जे कळत नाही ते ज्याला कळतं त्यालाच विचारावं. त्यांनी मक्याच्या अळ्या आणून बरण्यांत वाढवल्या. एका बरणीत एकच, कारण त्या एकमेकींना खातात. कोष झाले, नर वेगळे केले, मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात ठेवले. पुस्तकात म्हणे त्यांना मधाचं पाणी द्यावं असं होतं. मध त्या घरात येणार नाही, असं शेठाणींनी सांगितलं आणि साखरेच्या पाण्यात कापूस बुडवून त्या स्वतः पिंजऱ्यात ठेवू लागल्या. पतंग गुटगुटीत झाले.

एका संध्याकाळी दिवेलागणीला शटर ओढलं, खिडक्यांवर पोती टांगली आणि नवरात्राच्या माळेतला एक लाल दिवा लावला, कारण लाल उजेड पतंगांना दिसत नाही. आम्हाला भिंतीशी रांगेत उभं केलं, हातभर अंतर सोडून. धाकट्या शेठनी पिंजरा उघडला.

पाहुणे बघायला आल्यावर मुली जशा उभ्या असतात तशा आम्ही उभ्या होतो. चौदा जणी, त्यात नातवंडं असलेल्यासुद्धा. पतंग थोडा वेळ छताशी घुटमळले. मग एक खाली आला, वाकडातिकडा उडत, आणि पंख थरथरवत बसला तो थेट आक्कांच्या अंबाड्यावर.

"ओ माय!" आक्का जागच्या जागी ताठ झाल्या. "माले पसंत कयं यानी! या वयमा!"

मग कुणाच्या वेणीवर, कुणाच्या भांगात. कपाशी काय, मका काय, माशी काय, एकही डोकं सुटलं नाही. माझ्या वेणीवर तर त्यांनी रांगच लावली होती. ते केसांत तोंड खुपसून इतक्या आशेनं पंख हलवत होते की मला त्यांची कीव आली. धाकटे शेठ लाल उजेडात तोंड उघडं टाकून बघत होते.

"डोक्यात कसं गेलं हे?"

 शेठाणी दाराशी होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, या दुपारी एकमेकींच्या वेण्या घालतात ना. मी रोज वरून बघते. छान दिसतं."

मग सगळं उलगडलं. साबणानं हात स्वच्छ होतात, पण हा वास पाण्यात जात नाही, तेलात मुरतो. आम्ही हात धुवायचो आणि तेच हात तेल लावलेल्या केसांतून फिरवायचो, एक फणी चौदा डोक्यांतून जायची, आणि पुढं वाकून थेंब सोडताना वेणी बुचांवर लोंबायची. रांगेची सुरुवात माझ्यापासून. मक्याच्या बाटलीसमोर बसणारी मी, आणि माझ्या डोक्यावरून उठून कपाशीच्या टेबलावर जाणाऱ्या आक्का.

धाकटे शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जरा इकडे या."

 पुढचं मला तुटक तुटक ऐकू आलं. मी शेडमागेच राहते, आवार एकच, धानोऱ्याचा नवा माल याच आवारात वाळणार. खोली काही दिवस रिकामी करावी लागेल. काही दिवस म्हणजे काय ते मला माहीत होतं. काही दिवस म्हणजे दोडामार्ग. आणि दोडामार्ग म्हणजे हत्ती, आणि डोक्यात हत्तिणीचा निरोप घेऊन मी. हे कुणाला सांगणार?

आक्का पुढे आल्या. धाकट्या शेठना त्यांनी चड्डीत पाहिलेलं होतं.

"भाऊ, इले काढशी तं माले बी काढ. वेणी मी घाली. ती काय माले सांगाले उनी व्हती का?"

"आक्का, तुम्हाला काढून माल कोण भरणार?"

"मंग काढू नको."

शेठाणींनी निकाल दिला. "डोकं धुता येतं. माणूस काढायचं कशाला?"

ठरलं ते असं. सगळ्यांनी केस धुवायचे. रोज संध्याकाळी पतंगांसमोर उभं राहायचं. जिच्यावर पतंग बसणार नाही तिनं टोपी घालून टेबलावर यायचं. रविवारपर्यंत मुदत. तोवर जिचं डोकं सुटलं नाही तिचं काम बंद, आणि माझ्या बाबतीत खोलीही.

बाकीच्यांची डोकी भराभर सुटली. सोमवारी दोन, मंगळवारी पाच. माझे केस दाट, गुडघ्यापर्यंत नसले तरी कंबरेखाली, आणि मुरलेले. मी रिठा लावला, शिकेकाई, बेसन, ताक, लिंबू, चुलीतली राख लावली. पतंग येतच होते. नवरा रोलरच्या अनुभवावरून म्हणाला, "डिझेलनं ग्रीस जातं." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. थोड्या वेळानं म्हणाला, "एकदा मलाही बोलवा. कोण आहे तो, बघू दे."

धाकट्या शेठनीच मग उपाय सांगितला. तेलात मुरलेलं तेलानंच निघेल. कोरं तेल चोळायचं, मुरू द्यायचं, रिठ्यानं काढायचं, पुन्हा तेल. पण चोळणार कोण? आक्का सुटलेल्या, त्यांनी मला हात लावायचा नाही. कुठल्याच टेबलावरच्या बाईनं नाही. त्या दुपारी शेठाणी खाली उतरल्या, पदर खोचला आणि घरच्या चौकात पाट मांडून म्हणाल्या, "बस बेटा."

मी त्यांच्या दुकानाचा उंबरा चढतानासुद्धा चपला हातात घेणारी. त्यांच्यापुढे पाठ करून बसणं मला जमेना. त्यांनी खांद्याला धरून बसवलं. आक्का चौकाबाहेर खडूनं आखलेल्या रेघेपलीकडे बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या.

"जोरमा चोळा, शेठाणी, जोरमा! ती काय काचनी शे?"

"तुम्ही गप्प बसा. डोकं माझ्या हातात आहे."

"कानमागे ऱ्हायनं! कानमागे!"

"बघितलं मी!"

असं रोज, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शेठाणींची बोटं बारीक, हाडं लागायची. त्या चोळता चोळता पुटपुटायच्या, मला वाटायचं मंत्र असेल. एकदा नीट ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "सोड रे बाबा हिला, सोड." माझे डोळे भरून आले. रिठा डोळ्यांत गेला असं मी सांगितलं. शनिवारी पतंग एकच आला, पण आला.

रविवारी सकाळी धानोऱ्याहून फोन आला. सुटलेल्या डोक्यांनी भरलेल्या नव्या गोळ्या तिथं लागल्या होत्या. धाकट्या शेठनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "शेठ, बारीक उनात व्हय! राखाडी! हाऊ आम्हना जवाई!" शेडमध्ये आरडाओरडा झाला. मीही टाळ्या वाजवल्या. शेड राहणार होती. आता फक्त माझं डोकं उरलं होतं.

संध्याकाळी शटर ओढलं. पिंजऱ्यातले जुने नर थकले होते, पंखांची टोकं झिजलेली. आक्का हळूच म्हणाल्या, यातलाच एखादा सोडा. धाकटे शेठ तयार होईनात. म्हाताऱ्यानं नाही म्हटलं तर त्याला अर्थ नाही, ते म्हणाले. त्यांनी आदल्या दिवशीच कोषातून निघालेला एक काढला. चकचकीत, तरणाबांड. शेठाणींनी त्याला साखरपाणीही पाजलेलं.

मी भिंतीशी एकटी उभी. समोर तेरा जणी, वॉचमन, आणि आज नवराही, हेल्मेट काखेत धरून. मला नाकारलं जावं म्हणून कुठल्या देवाचं नाव घ्यायचं ते कळेना. लग्नाच्या वेळी सगळ्या देवांना नेमकं उलट मागून झालं होतं.

पतंग सुटला. एक गिरकी घेऊन माझ्याकडेच आला. कानाजवळ पंखांची भुरभुर ऐकू आली, गालाला वारा लागला. मी डोळे मिटले. तो माझ्या डोक्याभोवती फिरला, एकदा, मग पुन्हा, जसा कुणी घराचा नंबर वाचून बघतो. मग भुरभुर लांब गेली.

मी डोळे उघडले. तो मक्याच्या टेबलाच्या पायावर बसून अंग पुसत होता.

"नापसंत!" आक्कांचा आवाज गोदामभर घुमला. "नापसंत कयं व तुले!"

आणि सगळ्याच ओरडायला लागल्या, "नापसंत! नापसंत!" कुणी शिट्टी मारली. शेठाणींनी पदराआडून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात घातला. धाकटे शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या वेळेवर या," आणि लगेच पिंजरा आवरायला वळले. मी रडत होते आणि गूळ चघळत होते, त्यामुळे आभार धड मानता आले नाहीत. ते इथं मानते.

खोलीवर आलो. नवऱ्यानं आतून कडी लावली, स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.

"तरी," तो म्हणाला, "दोनदा फिरला तो."

"हो," मी म्हटलं. "मग गेला."

थोडंसं लागलं होतं मला ते. त्याला सांगितलं नाही.